वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही

"कुत्र्याला गोठ्यात बांधलंय," मोराग दारातच म्हणाली. "तुम्हाला भीती वाटते असं कुणीतरी सांगितलं. खरंय का?"

खरं होतं, पण मी नाही म्हणाले. लांबून भुंकण्याचा आवाज येत होता. आपल्यामुळे एका मुक्या जनावराला त्याच्याच घरातून हाकललं म्हणून मला कसंनुसं झालं. हे मात्र खूश होते. बूट काढून, पायमोज्यांवर त्या दगडी फरशीवर उभे राहून, आपण नेमके कुठे येऊन पोचलो ते डोळे भरून बघत होते.

आम्ही तेव्हा कॅनडात राहत होतो. सॅस्कॅचेवानमधल्या एका लहान गावात हे शाळेत विज्ञान शिकवायचे. सहा महिने बर्फ, आणि त्या सहा महिन्यांत गावाला एकच उद्योग: कर्लिंग. गुळगुळीत बर्फाच्या पट्टीवरून ग्रॅनाइटचा जडशीळ दगड सरकवत सोडायचा आणि पलीकडच्या वर्तुळांच्या मध्यापाशी नेऊन थांबवायचा, असा तो खेळ. दगड सुटला की दोघांनी त्याच्या पुढे धावत झाडूनं बर्फ घासायचा, म्हणजे तो लांब जातो आणि सरळ जातो. आम्ही दोघं झाडूवाले. मिरजेला माझ्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी फोनवर विचारलं होतं, "अगं, तिकडे जाऊनही झाडूच का?"

गावच्या क्लबाचा दौरा स्कॉटलंडला निघाला. मैत्रीचा दौरा. दर दोन दिवसांनी नवं गाव, तिथल्या क्लबाशी सामने, आणि राहायचं तिथल्याच खेळाडूंच्या घरी. आमच्या चौघांच्या संघाचा कप्तान होता वेंडेल. गावात त्याचं ट्रॅक्टरचं दुकान होतं. तिसरी त्याची बायको ग्लोरिया, आणि आम्ही दोघं. खरं तर आमच्या जागी दुसरं एक जोडपं जाणार होतं. त्यांचं जमलं नाही, म्हणून आमची वर्णी लागली. ह्यांना ते माहीत होतं. इतक्या वर्षांत वेंडेल ह्यांच्याशी हवामानापलीकडे फारसं काही बोललेला नव्हता. दिगंबर म्हणता येत नाही म्हणून त्यानं ह्यांचं 'डिग' केलं होतं, आणि पुढे सगळ्या गावानंच केलं.

स्कॉटलंडमधल्या एका गावातली आमची यजमानीण मोराग. तिचा नवरा युअन तिथला जनावरांचा डॉक्टर. उंच, वाकलेला, फार कमी बोलणारा. घरामागे थोड्या मेंढ्याही पाळल्या होत्या. आम्ही मांसमच्छी खात नाही हे कळल्यावर मोरागनं शेजारच्या शहरातल्या एका भारतीय डॉक्टरीणबाईंना फोन करून डाळ कशी करतात ते विचारून घेतलं होतं. त्या डाळीत बेदाणे होते, सफरचंदाच्या फोडी होत्या, आणि हळद इतकी की चमचा पिवळा झाला. ह्यांनी तीनदा मागून घेतली.

"खरं सांगा," मोरागनं मला विचारलं, "अशीच असते ना?"

"घरोघरी वेगळी असते," मी म्हणाले. युअन खाली मान घालून हसला.

आम्हाला त्यांनी त्यांची स्वतःची झोपायची खोली दिली होती. हे आम्हाला सकाळी कळलं, जेव्हा युअन जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीतून पाठ चोळत बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सामना. आमच्याविरुद्ध युअनचाच संघ. त्या गावात पाहुण्यांबरोबरच्या सामन्यासाठी एक चांदीचा कप होता, मोरागच्या वडिलांनी आपल्या बायकोच्या आठवणीसाठी ठेवलेला. जिंकेल त्यानं पुढच्या दौऱ्यापर्यंत आपल्या देशी न्यायचा. आजवर तो गावाबाहेर गेला नव्हता. मोराग बाकावर बसून लोकरीच्या फडक्यानं तो पुसत होती. "यंदा तुम्ही न्या," ती मला म्हणाली, "म्हणजे तो आणायच्या निमित्तानं आम्हाला कॅनडा बघायला मिळेल." सगळे हसले.

सामना शेवटच्या दगडापर्यंत बरोबरीत होता. शेवटचा दगड वेंडेलचा. वर्तुळांच्या मध्याजवळ युअनचा दगड बसला होता आणि त्याच्या पुढे आडोशाला दुसरा. त्या आडोशाला चुकवून आत शिरणं कठीण होतं. ग्लोरिया पलीकडे, नेम कुठे धरायचा त्याची खूण दाखवत उभी. तिच्या मागे युअन, झाडूवर दोन्ही हात टेकून.

वेंडेलनं दगड सोडला आणि ओरडला, "घासा!"

आम्ही घासू लागलो. मी डावीकडे, हे उजवीकडे, खांद्याला खांदा लावून. मला ह्यांचा श्वास ऐकू येत होता. दगड आडोशाच्या दगडाकडे चालला होता, लागणारच होता. वेंडेल आणि ग्लोरिया दोन्ही टोकांनी ओरडत होते. हे पुढे झुकले, आणि ह्यांचा झाडू दगडाच्या कडेला लागला. टक् असा बारीक आवाज झाला. दगड किंचित हलला, आडोशाला घासता घासता वाचला, आत शिरला आणि ऐन मध्यावर जाऊन थांबला.

ह्या खेळात पंच नसतो. सरकत्या दगडाला झाडू लागला किंवा पाय लागला, तर ज्याचा लागला त्यानंच तिथल्या तिथे सांगायचं. मग तो दगड बाद. दुसऱ्यानं बोट दाखवायचं नसतं, तशी रीतच नाही. पहिल्याच हिवाळ्यात वेंडेलनं आम्हाला शिकवलेली ही पहिली गोष्ट.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. तेवढ्यात वेंडेल बर्फावरून घसरत, धडपडत आला आणि त्यानं ह्यांना मिठी मारली. उचललंच जवळजवळ. "डिग! काय घासलंस रे! तूच आणलास तो!" बाकावरचे आमचे लोक टाळ्या वाजवत उठले. ह्यांचं तोंड मिटलं. मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

युअन वर्तुळात थोडा वेळ दगडाकडे बघत उभा राहिला. मग चालत आला आणि त्यानं चौघांशी हात मिळवला. "छान खेळलात," तो म्हणाला.

झाडू जागेवर ठेवताना मी ह्यांना गाठलं. आजूबाजूला माणसं होती, पण मराठी समजणारं कुणी नव्हतं.

"अहो, तुमचा झाडू लागला."

"कुठे?"

"दगडाला. मला आवाज आला."

"बर्फाचा असेल."

"दगड हलला. मी बघितलं."

"कुमुद, हस," हे दात न उघडता म्हणाले. "लोक बघताहेत."

मी हसले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत होतो आणि भांडत होतो. ती भाषा, जी तिकडच्या त्या एकटेपणात आमचं घर होती, तिचा असा आडोसा मी कधी केला नव्हता.

मोराग मागे येऊन उभी होती. "किती गोड भाषा आहे तुमची," ती म्हणाली. "काय म्हणतोय तो?"

"बर्फ फार चांगला होता म्हणताहेत," मी म्हणाले.

संध्याकाळी क्लबाच्या हॉलमध्ये जेवण होतं. ह्या खेळात सामना संपला की दोन्ही संघांनी एका टेबलाशी बसायचं असतं. मोरागनं आमच्यासाठी वेगळी कढई आणली होती, तिच्यावर फडकं बांधून. तिनं कप वेंडेलच्या हातात दिला आणि ग्लोरियाला तो कसा पुसायचा, कुठली पावडर वापरायची नाही, ते नीट समजावलं. "कानापाशी जपून," ती सांगत होती, "तिथे आईचं नाव आहे."

मग वेंडेल उभा राहिला. आजचा विजय डिगचा आहे, म्हणून पाहुण्यांतर्फे दोन शब्द डिगच बोलेल, असं त्यानं जाहीर केलं. वाटलं, हे आता सांगतील. ह्याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. गमतीत सांगितलं असतं तरी चाललं असतं.

हे उठले. आयुष्यभर वर्गापुढे उभं राहिलेला माणूस, बोलायला चांगले. मिरजेत लहानपणी बर्फ फक्त सरबतात आणि तोही उन्हाळ्यात कसा बघितला ते सांगितलं. लोक हसले. मोरागच्या डाळीचं कौतुक केलं. मोराग लाजली. आणि मग हे म्हणाले, "ह्या खेळानं मला एक मोठी गोष्ट दिली. इथे पंच नाही. प्रत्येक जण स्वतःच स्वतःचा पंच आहे. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे नेहमी सांगतो."

टाळ्या झाल्या. चांगल्या जोरात झाल्या. मी टेबलावरच्या मिठाच्या भांड्याकडे बघत बसले. कान तापले होते, मान उचलवत नव्हती. समोर युअन बसला होता. तोही टाळ्या वाजवत होता, सावकाश, बाकीच्यांचं थांबेपर्यंत.

घरी आल्यावर मी ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांनीही विषय काढला नाही. युअन आणि मोराग जिन्याखालच्या खोलीत गेले आणि आम्ही त्यांच्या पलंगावर.

सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला युअन दिसला. तो अंगणाच्या भिंतीपाशी मेंढ्यांना चारा टाकत होता. मी शाल गुंडाळून बाहेर गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"झोप झाली?" त्यानं विचारलं.

"कालच्या शेवटच्या दगडाला..." मी म्हणाले आणि अडले. इंग्रजी शब्द सापडेना, की धीर होईना, कोण जाणे.

त्यानं हातातला चारा टाकून संपवला. "हो," तो म्हणाला. "मी त्याच्याकडेच बघत होतो."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"ते मी बोलायचं नसतं."

"पण कप गेला ना तुमचा! मोरागच्या आईचा."

"कपाचं काय." तो एका मेंढीचा खूर उचलून बघू लागला. माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून, हे मला कळत होतं. "तो माझ्या घरी जेवलाय. माझ्या घरात झोपलाय. त्याला मी चार लोकांत काय म्हणायचं? तो बोलला असता तर मी ऐकलं असतं. तो बोलला नाही."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"इथले लोक लहानपणापासून हेच बघत आलेत," तो म्हणाला. "कळतं काही जणांना."

"मोरागला?"

त्यानं खूर खाली सोडला. "ती बाकावर पहिल्या रांगेत होती."

म्हणजे आदल्या संध्याकाळी त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी भाषण ऐकलं, टाळ्या वाजवल्या, आमच्या ताटात वाढलं. मोरागनं मला विचारलं होतं, काय म्हणतोय तो? आणि मी सांगितलं होतं, बर्फ चांगला होता. मला तिथे अंगणात, त्या मेंढ्यांच्या देखत, जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं. आमच्या लबाडीवर त्या लोकांनी पांघरूण घातलं होतं, जसं रात्री आमच्या पायांवर घातलं होतं तसंच, सहज. रागावले असते तर सोसलं असतं.

आम्ही निघताना मोरागनं चीज आणि चटणीचे सँडविच बांधून दिले. मला जवळ घेतलं. मी तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिले.

पुढच्या गावाला आम्हाला युअनच सोडणार होता. हे पुढे त्याच्या शेजारी बसले, मी मागे. दोन्ही बाजूंना ओसाड टेकड्या, दगडी कुंपणं, वारा इतका की गाडी हलत होती. हे मजेत होते. मेंढ्यांना कुठले रोग होतात ते विचारत होते. युअन सांगत होता.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी मराठीत म्हणाले, "ह्यांना माहीत आहे."

"कुणाला? काय?" ह्यांनी मान न वळवता विचारलं.

"गाडी चालवताहेत त्यांना. कालचं. त्यांनी बघितलं. त्यांच्या बायकोनंही. हॉलमध्ये बऱ्याच जणांना ठाऊक होतं. तुम्ही ते पंचाचं बोलत होतात तेव्हाही ठाऊक होतं."

मला फक्त ह्यांची मान दिसत होती. ती लाल होत गेली, कानांपर्यंत. युअननं रेडिओ लावला, लगेच बंद केला.

बऱ्याच वेळानं हे हळू म्हणाले, "मी सांगणार होतो गं. तोंडात शब्द आला होता. त्यानं मिठी मारली. इतक्या वर्षांत त्यानं कधी माझ्या खांद्यावर हात ठेवला नव्हता."

"माहीत आहे मला," मी म्हणाले.

पुढे एका वळणावर ह्यांनी इंग्रजीत सांगितलं, "युअन, गाडी जरा थांबवता का?"

गाडी थांबली. हे उतरले. युअनही उतरला. दोघं कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. ह्यांची टोपी वाऱ्यानं उडाली, ती युअननं पळत जाऊन पकडून आणली. हे बोलत होते, हात हलत होते. युअन वाकून ऐकत होता. मग त्यानं ह्यांच्या दंडाला धरून गाडीकडे आणलं.

हे आत बसले. युअन काच पुसत होता, तेवढ्यात मी विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, वारा फार आहे, काही ऐकू आलं नाही." ह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणाला, थंडी वाजेल, गाडीत बसा."



पुढच्या गावच्या क्लबात सगळे जमले होते, आमचे कॅनडावाले आणि तिथले नवे यजमान. चहा मांडलेला होता. वेंडेलनं कप टेबलाच्या मधोमध ठेवला होता आणि तो नव्या लोकांना शेवटच्या दगडाची गोष्ट सांगत होता. ग्लोरिया मध्ये मध्ये दुरुस्त्या करत होती. युअननं आमच्या बॅगा आत आणून ठेवल्या. आमची नवी यजमानीण एक ठेंगणी, चष्मेवाली बाई होती. तिला तो म्हणाला, "हे डिग आणि कूमूद. चांगली माणसं आहेत. नीट सांभाळ." तिनं चहाचा आग्रह केला, पण त्याला परत जायची घाई होती. एक मेंढी विणार होती. त्यानं टोपी घातली आणि ह्यांच्यापुढे हात केला.

ह्यांनी तो धरला आणि सोडला नाही.

"युअन," हे म्हणाले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा तसा आवाज. "काल शेवटच्या दगडाला माझा झाडू लागला. मला कळलं होतं. मी बोललो नाही."

हॉलमधली कुजबूज थांबली. कुणाची तरी बशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. वेंडेल हातवारे करता करता तसाच राहिला.

युअन ह्यांच्याकडे बघत होता. "आता ऐकलं," तो म्हणाला.

वेंडेलचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी गोंधळला, मग पांढरा पडला, मग त्यानं कप उचलला आणि युअनच्या पुढ्यात ठेवला, जरा जोरातच. "मला हे माहीत नव्हतं," तो युअनला म्हणाला. आणि मग ह्यांच्या जवळून जाताना, पुढे बघत, "तोंड बंद ठेवता आलं नाही, डिग? आता?" ग्लोरियानं लोकरीचं फडकं पिशवीतून काढून कपाशेजारी ठेवलं. आमचे लोक एकेक करून पलीकडच्या टेबलाकडे सरकले. कुणी उठून गेलं नाही. फक्त सरकले. ते ऐकवलेल्या शिव्यांहून वाईट होतं. मी अजून दारापाशीच होते. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, त्यांच्याबरोबर सरकावं. हे माझे कुणी नव्हेत असं दाखवावं. मग मी जाऊन ह्यांच्या शेजारी उभी राहिले.

त्या दौऱ्यात वेंडेल नंतर ह्यांच्याशी फक्त खेळापुरतं बोलला. गावी परतल्यावर पुढच्या हिवाळ्यात आम्हाला संघात कुणी घेतलं नाही. हे एकटेच दुपारी रिकाम्या पट्टीवर जाऊन दगड सोडत बसायचे. पुढे आम्ही दुसऱ्या शहरात गेलो, आणि त्याचं कारण लोकांना आम्ही नोकरी असं सांगितलं.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी युअन दाराशी टोपी घालून उभा होता, आणि त्याची मेंढी तिकडे विणार होती. त्यानं बाहेर बघितलं, मग टोपी काढली, कोट काढून खुंटीला लावला, आणि आमच्या रिकाम्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला.

"चहा घेऊ," तो म्हणाला.

आम्ही बसलो. ह्यांनी कपबशी दोन्ही हातांनी धरली होती. युअननं दूध ओतलं, साखर पुढे केली, आणि मेंढ्यांच्या खुरांना पावसापाण्यात काय होतं ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. हे मान हलवत ऐकत होते. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं, आणि ते पुसायला ह्यांचे हात मोकळे नव्हते. मी रुमाल काढला, पण पुढे करायची मला लाज वाटली. युअन बोलत राहिला, पलीकडच्या टेबलावरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, चहा गार होईपर्यंत.